बाहुल्या मोठ्या आहेत तोवर

अक्काताई चौगुल्यांच्या डोळ्यांत
तिसऱ्यांदा थेंब घातले, दहा वाजून पाचला.
बाहुल्या मोठ्या राहतील
दीड-दोनपर्यंत, फार तर.
तेवढ्यात मला त्यांच्या पडद्याचे दोन फोटो हवेत
आणि कॉम्प्युटर म्हणतो, कॅमेरा नाही.

कॅमेरा आहे.
माझ्या तळव्याखाली आहे, कोमट लागतोय,
काल संध्याकाळी कोल्हापूरहून टेम्पोतून आला,
थर्माकोलचे दाणे अजून माझ्या चपलेला चिकटलेत.
केबल काढली, फुंकर मारली
(फुंकरीला शास्त्र नाही, पण ती मारल्याशिवाय
मिरजेत कुठलीच दुरुस्ती सुरू होत नाही),
मागच्या भोकात लावली.
टिंग झालं.
मग पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह,
कुणी अगंबाई म्हणून तोंडावर हात ठेवावा तसं.

बाकावरून आवाज आला,
"सुशे, किती वेळ गं?"
मी रेवती. सकाळपासून दोनदा सांगितलं.
"हां, रेवती," त्या म्हणाल्या.
"सुशे, बेडगची गाडी कवाची हाय?"

डॉ. मगदूम पडद्याआडून डोकावले.
झालं?
होतंय.
या खोलीत एवढंच बोलणं असतं.

यादी उघडली. खाली, खूप खाली सरकत गेले,
स्कॅनर, प्रिंटर, कुणीतरी टाकलेला पत्त्यांचा खेळ,
आणि तिथे एकाच कामाला दोन जण:
एक सकाळी मी घातलेला,
एक इरफान बारगीरने, सात वर्षांपूर्वी.

इरफान हुबळीला गेला.
जुना कॅमेरा लक्ष्मी मार्केटमागच्या भंगारात, किलोवर.
त्याचा ड्रायव्हर मात्र गेला नाही.
त्याला कुणी कळवलंच नाही.
तो आत बसून असतो.
वायर टोचली की उठतो,
म्हणतो, आला माझा,
आणि नव्याच्या हाताला धरून
जुन्याच नावाने हाक मारत राहतो.
नव्याला ती भाषा येत नाही.
माझा ड्रायव्हर मागे उभा, दारात जागा नाही.
त्रिकोण म्हणजे एवढंच.

काढून टाकायचे? हो.
नक्की? हो.
काही फाइल्स वापरात आहेत.
कोण वापरतंय?

शेवटी हाताने काढायला गेले तेव्हा फोल्डरमध्ये
इरफानची एक चिठ्ठी सापडली, टाइप केलेली:
"लेन्सला कापूस लावू नये. जुनी मऊ सुती साडी चालते.
पेशंटला आधी हात दाखवावा, मग दिवा.
नाहीतर दचकतात."
ती कागदावर उतरवून घेतली, औषधाच्या खोक्याच्या पाठीवर.
मग फोल्डर काढला.

रिस्टार्ट. गोल फिरतंय, फिरतंय.
सव्वाबारा.
या वेळी आधी सॉफ्टवेअर, केबल नंतर.
खोक्याच्या झाकणावर हेच छापलं होतं,
लाल अक्षरात, आणि सकाळी मी झाकणावर चहा ठेवला होता.

टिंग.
त्रिकोण नाही.

"मावशी, हा बघा माझा हात. आता उजेड पडंल."
"पडू दे."
आणि पडद्यावर आला उजवा डोळा,
विटकरी, गोल, शिरा फुटलेल्या,
जिरलेल्या शेताला भेगा पडाव्यात तशा नाही,
शिरांसारख्याच. उगाच काही म्हणायला नको.
डावा घेतला. मधोमध जवळ एक डाग होता.
डागाचं काय ते डॉक्टर सांगतील,
माझं काम फोटो स्पष्ट येण्याचं.
तो स्पष्ट आला.

"काय दिसलं?"
"डोळा, मावशी."
"त्यो हायच की. त्याच्यात काय?"
मी फाइलला नाव देत होते. चौगुले, अक्काताई, डावा.

दीडच्या गाडीला मीच पोचवलं,
फिल्मचा काळा चष्मा त्यांच्या कानांवर बसत नव्हता.
स्टँडवर त्या थांबल्या, मान खाली घालून.
"ऊन लई आत येतंय गं, सुशे."
या वेळी मी दुरुस्त केलं नाही.
"येऊ दे," म्हटलं, "संध्याकाळपर्यंत कमी होईल,"
आणि पायरी कुठे आहे ते दाखवायला
आधी हात पुढे केला.